डावीकडून तिसरा ढोल

तो पार्किंग लॉट ओलांडून आमच्याकडे यायला लागला तेव्हा मी फाइल उघडून तयार होते. ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये आमच्या ढोल-ताशा पथकाची प्रॅक्टिस सुरू झाली की दर वर्षी कुणीतरी आवाजाची तक्रार घेऊन येतंच. म्हणून परवानगीची प्रत मी सगळ्यात वर ठेवते. पथकाची व्यवस्था माझ्याकडे असते: कोण येणार, पाणी कोण आणणार, कुणाचा ढोल कुणाच्या गाडीत जाणार. मला स्वतःला वाजवता येत नाही.

सत्तरीतला उंच, गोरा माणूस. घरातल्याच सपाता घालून आला होता. माझ्या कागदाकडे त्याने पाहिलंही नाही. "डावीकडून तिसरा ढोल मागे पडतोय," तो अस्सल ब्रिटिश उच्चारांत म्हणाला.

डावीकडून तिसरा माझा नवरा होता.

"मी काय वेगळं सांगत होते इतके दिवस?" मी नवऱ्याला म्हटलं.

"तू सांगतेस तो टोमणा असतो. हा सल्ला आहे," असं म्हणत नवऱ्याने कमरेचा ढोल सोडला आणि त्या माणसापुढे धरला. "घ्या, तुम्हीच दाखवा."

त्याने दाखवलं. एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप. हात नवखे होते, पण ताल पक्का होता. एके काळी तो एका ब्रिटिश रॉक बँडचा ड्रमर होता आणि गेली कित्येक वर्षं आमच्या प्रॅक्टिसच्या जागेमागच्याच गल्लीत राहत होता. पुढच्या रविवारी तो आपणहून आला. नवऱ्याने आनंदाने झेंडा धरला आणि डावीकडची तिसरी जागा त्याची झाली.

आमच्या पथकाचे प्रमुख म्हणजे ताशा वाजवणारे काका. मूळचे नागपूरचे, इथे आयुष्यभर हृदयरोगतज्ज्ञ होते, आता निवृत्त. "दीडशे वर्षं आम्ही तुमच्या तालावर नाचलो, साहेब," ते त्याला म्हणाले. "आता तुमची पाळी."

"आमच्या काळात चहा तरी बरा मिळत असेल," थर्मासमधला चहा पीत तो म्हणाला.

चहाच्या वेळी तो थोडंथोडं सांगायचा. इंग्लंडमधलं कारखान्यांचं गाव, बडवून पोचे आणलेले आईचे डबे, शाळेतल्या मित्रांचा बँड. आधी पबचा कोपरा, मग रेकॉर्ड, मग मोठी सभागृहं, मग अमेरिकेचा दौरा. "लोक विचारतात, काय दिसायचं रे तिथून? पाठी दिसायच्या. गायकाची पाठ, गिटारवाल्याची पाठ. ड्रमर सगळ्यांच्या मागे बसतो." दौऱ्याच्या पुढचं तो सांगत नसे.

अडचण गणपती जवळ आल्यावर कळली. आमचं वादन संथ सुरू होतं आणि ताशाने इशारा केला की लय चढत जाते. ती चढली नाही तर मिरवणूक रंगत नाही. हा मात्र लय चढवायलाच तयार नव्हता. पहिल्या ठोक्याला जो वेग, तोच शेवटच्या ठोक्याला. शेजारचे ढोल त्याच्याकडे बघून वाजवू लागले आणि अख्खी रांग अडली.

"अगं, माणूस आहे की घड्याळ?" काका मला बाजूला घेऊन म्हणाले. "मिरवणुकीत याला झांज दे. नाहीतर पाण्याच्या टेबलावर बसव. तू सांग, मला जमणार नाही."

असली कामं माझ्याकडेच येतात, आणि मी ती लांबवत नाही. प्रॅक्टिस संपल्यावर त्याच्याजवळ गेले. तो ढोलाची दोरी सैल करत होता. माझा चेहरा बघूनच थांबला.

"काढतेयस ना मला? सांगून टाक. मागच्या वेळी मॅनेजरने हॉटेलच्या लॉबीत सांगितलं होतं. बाकीचे बसमध्ये जाऊन बसले होते. बस पुढच्या शहरात गेली, मी इथेच राहिलो."

"का काढलं होतं?"

"माझी लय धावायची. समोर गर्दी उसळली की हात ऐकायचे नाहीत." त्याने टिपरू ढोलावर ठेवलं. "त्यानंतर लोकांसमोर कधी वाजवलं नाही. लोकांच्या घरात फरश्या बसवल्या. बायको म्हणायची, एकदा तरी वाजव, मला बघायचंय. ती गेली. म्हटलं, निदान तुमच्यात तरी वाजवावं. तर ज्या गोष्टीसाठी मला काढलं, तीच तुम्ही मागताय."

मी जे ठरवून गेले होते, ते बोललेच नाही. परत जाऊन काकांना जसंच्या तसं सांगितलं. काकांनी ताशाच्या काड्या खाली ठेवल्या. मग उठून त्याच्याकडे गेले.

"हे बघ, वेग ठरवणं तुझं काम नाही. आमच्यात ते ताशाचं काम. लय धावली तर लोक मला शिव्या देतील. तू फक्त माझ्या तोंडाकडे बघ."

"तोंडाकडे?"

"मग काय पाठीकडे? मी तुमच्याकडे तोंड करूनच वाजवतो ना!"

मिरवणूक सकाळी लवकर होती, कारण ऊन चढलं की ॲरिझोनात डांबरावर उभं राहवत नाही. आमच्यात ढोल पुढे आणि गणपती मागे असतो. हे कळल्यावर तो माझ्याकडे वळला. "म्हणजे आपण लोकांच्या समोर?"

"अगदी समोर," मी म्हटलं आणि त्याच्या कमरेची गाठ पुन्हा एकदा तपासली.

सुरुवातीला तो तसाच वाजवत होता, घड्याळासारखा. काकांनी भुवया उडवल्या, इशारा केला. रांग चढली, हा मागे राहिला. काका ताशा वाजवतच रांगेसमोरून सरकत थेट त्याच्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्याच्या डोळ्यांत बघत वाजवू लागले. लोक टाळ्या पिटत होते. मग त्याचे खांदे सैल झालेले मला दिसले. हात सुटले. तो धावला, आणि सगळे त्याच्याबरोबर धावत होते.

शेवटी काकांनी काड्या वर उचलल्या. सगळे ढोल एकदम थांबले. त्या शांततेत त्याचा एकच ठोका जास्तीचा पडला, दणदणीत.

तो पांढराफटक पडला.

"घ्या!" काका ओरडले. "साहेबांना अजून घरी जायचं नाहीये!"

रांगेत हशा पिकला. तो आधी काकांकडे बघत राहिला, मग हसायला लागला, आणि हसताहसता डोळे पुसू लागला. मी पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली आणि ढोल गाडीत भरायला घेतले.

शेवटचा ढोल त्याने स्वतः आणून दिला. "पुढची प्रॅक्टिस कधी?"

मी फाइल उघडली. त्यात पुढचं अजून काहीच लिहिलेलं नव्हतं. "रविवारी," मी म्हटलं, आणि त्याच्यादेखत लिहून टाकलं.