शिमग्याच्या रेघेपलीकडे

आमच्या घरात चौदा वर्षे वाल शिजले नाहीत. पनवेलच्या बाजूला हे सांगितले तर लोक आधी हसतात. भात कापून झाले की ओल धरलेल्या जमिनीत तिथे प्रत्येक जण वाल टाकतो. आम्हीही टाकत होतो. पण आमचे वाल खळ्यावरूनच बाजारात जात. घरात दाणा येत नसे.

कारण माझी धाकटी बहीण. चार वर्षांची असताना वालाचे बिरडे खाऊन तिच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घरघरू लागला. ती वाचली. त्या दिवसापासून आईने वाल बंद केले.

आईला लिहिता येत नव्हते. तिने नोंद ठेवली ती मागच्या पडवीच्या भिंतीवर, गेरूने. एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत एक ओळ. ओळीच्या मध्ये शिमग्याची उंच रेघ. बहिणीच्या अंगावर काही उठले की त्या जागी बोटाचा एक ठिपका. दर दिवाळीला घराला चुना लागे, तेवढा तुकडा सोडून.

हिवाळ्यात शेतावर पोपटी लागे. वालाच्या शेंगा मडक्यात भरायच्या, भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड बंद करायचे, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करायचा. सगळे जवळ बसत. बहीण वाऱ्याची दिशा बघून लांब उभी राही. शेजारची काकी दर वर्षी हाक मारी, "ये गो, निदान वास तरी खा."

ती अठरा वर्षांची झाली त्या वैशाखात शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजात तिला प्रवेश मिळाल्याचे पत्र आले. गाव दूर होते. राहणे वसतिगृहात, जेवण सगळ्यांबरोबर. मी तेव्हा मुंबईला एका दैनिकात मुद्रितशोधक होतो आणि रजेवर घरी आलो होतो. पत्र मीच वाचून दाखवले.

आईने विचारले, "तिकडं रांधनार कोन?"

"आचारी असतो, आये," बहीण म्हणाली.

"त्याला वाल ठावं हायत का तुझं? मंग नाय जायाचा."

"म्हंजे जलमभर तुझ्या चुलीपाशी बसू?"

"बस. जिती तरी ऱ्हाशील."

दोन दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी पनवेलच्या डॉक्टरांकडे जायचे सुचवले. आई म्हणाली, "डाक्टर काय माझी भित वाचनार हाय?" तेव्हा मी भिंत कागदावर उतरवून घेतली. ठिपके मोजले, जागा बदलली नाही, अर्थ लावला नाही. नक्कल करताना अर्थ लावायचा नसतो, एवढे नोकरीने शिकवले होते.

आम्ही तिघे गेलो तेव्हा डॉक्टरांनी तो कागद टेबलावर पसरला. शिमग्याच्या रेघेवर पट्टी ठेवून आधी एक बाजू झाकली, मग दुसरी.

"वाल कधी तयार होतात?"

"पौषात, माघात," मी म्हणालो.

"म्हणजे शिमग्याआधी. पहिल्या सहा ओळींत ठिपके तिथेच आहेत. पुढे तिथे एकही नाही. खळ्यावर वालाची धूळ तर दर वर्षी उडत असेल. शेवटच्या चार वर्षांतले ठिपके सगळे शिमग्यानंतरचे. तेव्हा काय खाता?"

"वालाचाच हाय तो," आई म्हणाली. "सुकं वाल शेजारी बारा म्हैने शिजतात. भांड्याला लागत असतील." प्रत्येक ठिपक्यानंतर तिने घरातली सगळी भांडी राखेने घासली होती.

बहीण सावकाश म्हणाली, "काजूगर."

शिमगा झाला की डोंगराकडच्या बाया ओले काजूगर विकायला आणत. आमच्याकडे त्यांची उसळ होई. ओठ चुरचुरले तर चीक लागला म्हणत. चिकाने सगळ्यांचेच हात सोलत. काजूवर कुणी संशय घेतला नव्हता.

डॉक्टरांनी वाल आणि काजूगर मागवून घेतले आणि तिच्या हातावर सुईने दोन ओरखडे काढले. एकावर उकडलेल्या वालाचे पाणी, दुसऱ्यावर वाटलेला काजूगर. पंधरा मिनिटांत काजूच्या जागी चिंचोक्याएवढी गांध आली. वालाची जागा जेमतेम लाल झाली. मग त्यांनी, लागलेच तर असावे म्हणून, इंजेक्शन भरून ट्रेमध्ये ठेवले आणि तिला उकडलेला अर्धा वाल दिला. थांबले. एक दिला. थांबले. शेवटी मूठभर. आई दुपारभर तिच्या ओठांकडे बघत होती. ओठ तसेच राहिले.

"असं होतं," डॉक्टर म्हणाले. "लहानपणचं काही वेळा जातं. मोठेपणी नवं येतं. काहींचं कधीच जात नाही. म्हणून घरी आपल्या मनानं असली परीक्षा करायची नाही. काजू बंद. दोन वर्षांनी पुन्हा या, बघू." हेच त्यांनी वसतिगृहासाठी चिठ्ठीवर लिहून दिले.

 रात्री जेवताना आई म्हणाली, "आचाऱ्याला चिठी वाचाया येते का, ते पयला बघ." बहिणीने मान हलवली. जूनमध्ये ती गेली. तिच्या ट्रंकेत आईने गेरूचा एक खडा ठेवला होता.

नाताळच्या सुटीत ती आली. वसतिगृहाच्या भिंतीवर रेघा मारू देत नाहीत म्हणून तिने वहीत ओळ आखली होती. ओळ कोरी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी शेतावर पोपटी लागली. मडके उघडल्यावर काकीने सवयीने हाक मारली, "ये गो, वास खा." बहीण आली, तिच्याशेजारी बसली आणि शेंगा सोलू लागली. काकीने दुसरी मूठही संपताना पाहिली.

"हिला परत धाडा रं कालेजात," ती म्हणाली. "आमाला काय उरंल?"

आई हसली नाही. ती अजून ओठांकडेच बघत होती. बऱ्याच वेळाने तिने आपल्या पुढ्यातल्या शेंगा उचलून बहिणीच्या पुढ्यात ठेवल्या.

पुढच्या दिवाळीत चुना लावणाऱ्याने भिंतीचा तो तुकडा दाखवून विचारले, आता हाही रंगवू का. सरत्या वर्षाच्या ओळीत शिमग्याची रेघ तेवढी होती.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "काजूचा बघायचा हाय अजून."