मधेच म्हटलेलं आमेन

सेवा समितीवर माझी निवड झाली, कारण त्या रविवारी मी उपासनेला गेलो नव्हतो. आमच्या मंडळीतली ही जुनी पद्धत आहे. समितीसाठी नावं मागायला लागले की हजर असलेला माणूस खाली वाकून बुटाची नाडी बांधतो, नाहीतर मांडीवरच्या पोराला हळूच चिमटा काढतो आणि ते रडलं की त्याला घेऊन बाहेर सटकतो. गैरहजर माणसाला यातलं काहीच करता येत नाही. दुपारी बायको घरी आली आणि पर्स ठेवता ठेवता म्हणाली, "अभिनंदन. शेजाऱ्यांवर प्रीती करायचं काम तुमच्याकडं आलंय. आधी वरच्या मजल्यावाल्यांशी बोलायला लागा."

पुढचे दोन महिने समितीनं चहा पिण्यापलीकडे काही केलं नाही. मग पंचगंगा पात्राबाहेर पडली आणि चर्चमागच्या उतारावरच्या गल्लीत पाणी शिरलं. पाळकसाहेबांनी हॉल उघडला. संध्याकाळपर्यंत चाळीसेक माणसं गाद्या, बोचकी आणि एक पोपट घेऊन दाखल झाली. भोजनाची जबाबदारी माझ्यावर आली.

आता मी पडलो कोल्हापूरचा. सेवा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा मटण येतं. लग्न असो, नाताळ असो, पाळकसाहेबांची बदली असो, आमच्या मंडळीच्या सगळ्या भावना शेवटी रश्शातच व्यक्त होतात. त्यात आल्यापासून या लोकांना जो तो पोहेच आणून देत होता. मी ठरवलं, ख्रिस्ती प्रीती म्हणजे काय ते एकदा यांना दाखवायचंच. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी नाताळची मोठी पातेली काढली. तांबडा, पांढरा, सुकं. अकरा वाजता हॉलमागच्या स्वयंपाकघरातून असा वास सुटला की पोपटसुद्धा बोलायचा थांबला.

पंगत मांडली. कुणी उठेना.

"बसा की पावणं! लाजताय काय?" मी ओरडलो.

कोपऱ्यातला एक गवंडी चुळबुळत म्हणाला, "साहेब, वास झकास हाय. पण श्रावण लागलाय न्हवं."

अर्धा हॉल श्रावण पाळणारा निघाला. उरलेल्यांत पाच घरं जैनांची. एक मुसलमान कुटुंब होतं, तेवढं पोटभर जेवलं. राहिलेली पातेली समितीच्या सभासदांनी जबाबदारीच्या जाणिवेनं रिकामी केली. प्रभूनं पाच भाकरी आणि दोन मासे पाच हजार लोकांना पुरवले हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्या पाच हजारांत एकानंही 'मी मासे खात नाही' म्हटलं नाही, हा खरा चमत्कार, हे मला त्या दिवशी कळलं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण व्हरांड्यात अव्वा बसली होती.

अव्वा त्या गल्लीतल्या एका जैन घरातली म्हातारी. वय ऐंशीच्या पुढं, अंगानं काडी, आवाज पोलिसाचा. मटणाचा वास सुटल्यावर पदर नाकाला लावून ती हॉलमधून उठली होती आणि व्हरांड्यातल्या बाकावर पाठ करून बसली होती. तिची सून माझ्याकडं आली. आधी हळू बोलत होती, मग डोळ्यांत पाणी आलं.

"काल दुपारी घरात पाणी शिरायच्या आधी जेवल्यात, तेवढंच. चातुर्मास हाय. सूर्य मावळला की पाणीबी घेत न्हाईत. सकाळी पोहे आलं, तर कांदा. आता तुमच्या चुलीवरचं तर त्या बघणारबी न्हाईत. शुगरची गोळी जेवल्याबिगर द्यायची न्हाय असं डॉक्टरांनी सांगितलंय. आज बी न्हाय जेवल्या, तर उद्या सकाळपर्यंत तशाच. मला भ्या वाटतंय हो."

सुनेचा नवरा हातकणंगल्याला अडकलेला, रस्ता बंद. म्हातारीचे हात थरथरत होते ते मलाही दिसत होतं. सूर्यास्ताच्या आत तिच्या पोटात काहीतरी जायला हवं होतं, आणि ते न जाण्याचं कारण मी शिजवलं होतं.

मी धावलो. पाणी वाढल्यानं आता सगळा बाजार बंद. पण कुठून तरी सहा केळी मिळवली आणि मोठ्या ऐटीत तिच्यापुढं ठेवली. अव्वानं केळ्यांकडं पाहिलं, मग पिशवीकडं.

"ह्याच पिशवीतनं सकाळी मटण आणलंस न्हवं?"

त्याच पिशवीतून आणलं होतं. मी केळी घेऊन मागं फिरलो. शेजारच्या घरातून साबुदाण्याची खिचडी करून आणली. म्हटलं उपासाचा पदार्थ, यात काय खोट निघणार?

"बटाटा घातलायस व्हय?"

"थोडासाच, अव्वा."

"थोडासा म्हंजे? जमिनीच्या वर उगवल्याला?"

आमच्या या बोलण्यात दुपार सरली. शेवटी तिलाच माझी दया आली असावी. "ये हिकडं," ती म्हणाली. "आधी अंघोळ करून ये. मग सांगतो तसं कर. कोरं भांडं पायजे. कशाला न लागल्यालं. मुगाची डाळ, तांदूळ, जिरं, तूप. पाणी दुहेरी फडक्यातनं गाळायचं. शेगडी हितं व्हरांड्यात मांड, त्या तुझ्या रणांगणात नगो. आणि बिगीबिगी."

कॅलेंडरवर सूर्यास्त सात वाजून पाच मिनिटांचा होता. बाहेर आभाळ इतकं भरलेलं, की सूर्य आहे की केव्हाच गेला, कुणाला सांगता येत नव्हतं. आता कॅलेंडर सांगेल तोच सूर्य.

घरी जाऊन अंघोळ केली आणि माळ्यावर चढलो. तिथं बायकोनं एक कुकर खोक्यासकट जपून ठेवला होता.

"तो पोरीच्या रुखवताचा हाय!" खालून आवाज आला.

"अगं, पोरगी नववीत आहे."

"म्हणून काय झालं? कुणासाठी नेताय?"

मी सांगितलं. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "चला, मी येते. तुमच्या हातात खिचडी दिली तर त्यात सुकट पडायची."

सव्वासहाला तांदूळ-डाळ निवडली. पाणी गाळायला कोरं पांढरं फडकं काही सापडेना. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक फडक्याला नाताळाचा इतिहास होता. मी चर्चमध्ये शिरलो. पवित्र भाकर-द्राक्षरस ठेवतात त्या प्रभुभोजनाच्या मेजावरचं घडीचं कापड, दर महिन्याला धुऊन इस्त्री केलेलं, ठरल्या जागी होतं. उचललं, दुहेरी केलं, हंड्यावर धरलं. मागून पाळकसाहेब आले. पाण्याची धार त्या कापडातून पडत होती.

"मेजावरचं हाय?"

"हो साहेब."

"धुऊन, इस्त्री करून परत ठेव," ते म्हणाले, आणि कापडाचं दुसरं टोक त्यांनी धरलं. "हललं की बाजूनं पाणी जातंय."

सहा पन्नासला, व्हरांड्यातच जमिनीवर बसलेल्या अव्वापुढं ताट आलं. वाफाळती मऊ खिचडी, वर तूप. सून गोळी हातात घेऊन शेजारी बसली. अव्वानं हात पुढं केला, तेवढ्यात हॉलच्या दारातून आवाज आला, "थांबा! प्रार्थना व्हायची आहे."

हे आमच्या मंडळीचे ज्येष्ठ पंच. निवृत्त हेडमास्तर. ते हजर असले की आमच्या हॉलमध्ये त्यांच्या प्रार्थनेशिवाय घास तोंडात जात नाही, आणि त्यांची प्रार्थना जगाच्या उत्पत्तीपासून सुरू होते. त्यांच्या प्रार्थनेत मी आजवर तीनदा झोपलोय आणि एकदा घोरलोय.

मी म्हटलं, "सर, यांना आधी जेवू द्या..." पण अव्वानंच हात मागं घेतला. "तुमच्या देवाच्या घरात बसलोय. तुमची रीत हाय ती हूं दे," म्हणाली आणि डोळे मिटून हात जोडून बसली. सगळा हॉल उभा राहिला.

मास्तरांनी उजेड आणि अंधार वेगळे केले. सहा त्रेपन्न. मासे, पक्षी, आदाम. सहा पंचावन्न. आणि मग ते जलप्रलयातल्या नोहापाशी आले. बाहेर पूर, आत नोहा. मास्तरांना असा योग उभ्या आयुष्यात आला नव्हता. त्यांनी तारवाची लांबी सांगितली, रुंदी सांगितली, प्राण्यांच्या जोड्या एकेक करून आत घ्यायला सुरुवात केली.

मी पाळकसाहेबांना कोपर मारलं. डोळे मिटलेले ठेवून ते ओठांच्या कडेनं म्हणाले, "मी काय करू? त्यांनी मला शाळेत पट्टीनं मारलंय."

सहा अठ्ठावन्न. सुनेनं डोळे उघडले होते आणि ती माझ्याकडं बघत होती. मास्तर हत्तींपर्यंत आले आणि त्यांनी श्वास घेतला.

"आमेन!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो.

आमच्या लोकांना सवय लागलेली. कुणीही आमेन म्हटलं की सगळे म्हणतात. "आमेन!" मंडळी गरजली. मुसलमान कुटुंबाकडून "आमीन" आलं. श्रावणवाल्या गवंड्यानंही काहीतरी ठोकून दिलं. मास्तरांनी डोळे उघडले. नोहाचं तारू तसंच पाण्यावर राहिलं.

अव्वानं मात्र इकडं तिकडं बघितलं नाही. ती जेवायला लागली. बिनदातांच्या तोंडानं, घाई न करता, एकामागून एक घास. आम्ही सगळे उभे राहून ते बघत होतो. मी आयुष्यात पुष्कळ जेवणावळी पाहिल्या, पण कुणाच्या घशाखाली घास उतरताना इतका जीव मुठीत धरलेला आठवत नाही. सात वाजून तीन मिनिटांनी सुनेनं गोळी दिली. अव्वा वर पाणी प्यायली, चूळ भरली आणि हात पुसले. सात पाचला माझा मोबाइल वाजला. मीच गजर लावला होता.

"माझं संपलं नव्हतं," मास्तर थंड आवाजात म्हणाले.

"सर, पुढचं देवाला ठाऊक हाय," मी म्हटलं. बायकोनं मागून माझा शर्ट ओढला.

मास्तर आता मला सर्वांदेखत सोलणार, एवढ्यात अव्वा बोलली. "मीठ कमी पडलंय रं. पण भांड्यात लई उरलीय." मग मास्तरांकडं बघून, "ह्यास्नी वाढ. किती येळ झाला बोलाय लागल्यात. घसा सुकला असंल."

हॉलमध्ये कुणीतरी फुस्सकन हसलं. मास्तरांनी जोडे काढले आणि ते गुडघ्यावर हात ठेवत अव्वाशेजारी जमिनीवर बसले. बायकोनं ताट वाढलं. त्यांनी पहिला घास उचलला, सवयीनं डोळे मिटले, ओठ हलायला लागले, मग एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं जेवायला लागले.