एक छोटी सुधारणा

भाड्याचं घर शोधणाऱ्यांना पाहिलेल्या जागांची माहिती एकत्र ठेवता यावी, म्हणून आम्ही एक वेबसाइट केली. तिच्यात सगळ्यात जास्त दुरुस्त्या सुचवल्या त्या अंबडच्या कारखान्यातल्या एका ओळखीच्या क्लार्कने. चहाच्या टपरीवर भेटला की कपाची कड रुमालाने पुसत म्हणायचा, “रागावू नका सर, एक छोटी सुधारणा.” पाणी किती वाजता येतं, गच्चीवर कपडे वाळत घालू देतात का, हे रकाने त्याचेच. स्वतः घर बघायला गेला की आधी नळ सोडून धार बघायचा.

परवा त्याच सुरात म्हणाला, “मालकाने आडनाव विचारलं का, एवढं एक टाका. आमचं ऐकलं की जागा कालच दिलेली असते.”

संध्याकाळी मी तो रकाना केला, पण अवघडून सगळ्यात खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याने मोबाइलवर उघडून पाहिला.

“वर घ्या सर, भाड्याच्याही वर,” तो म्हणाला. “बायकोचं स्वयंपाकघरात डबे कुठे मांडायचे ते ठरून जातं, आणि मग मालक आडनाव विचारतो.”