घड्याळ वाचून दाखव

"घड्याळाकडे बघ. मोठा काटा कुठाय?"

सर असं म्हणाले तेव्हा कोठी भागातल्या आमच्या सेंटरातल्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. रक्त तपासायला आलेली माणसं. कुणी उपाशीपोटी ताटकळत, कुणी हाताला कापूस दाबून. सगळ्यांनी आधी घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"चारावर," मी म्हणाले.

"मोठ्यानं."

"चारावर."

"आणि छोटा?"

"अकराच्या पुढं."

"म्हणजे किती वाजले, बाळ?"

मी पंचवीस वर्षांची बाई आहे. मी किती वाजले ते सांगितलं. मागून कुणीतरी हसलं. सर तक्रार घेऊन आलेल्या सूनबाईंकडं वळले, हात जोडून म्हणाले, "आठवीतून शाळा सोडलेली आहे, मॅडम. नांदेडकडच्या खेड्यातली. आपल्याकडची म्हणून ठेवलीय. वेळेचं भान नसतं हो यांना."

यांना. उभी मी एकटी होते आणि सर म्हणाले, यांना.

सूनबाईंच्या शेजारी त्यांची सासू बसली होती. बरकतपुऱ्यातल्या आजी. आमच्याकडं नेहमी यायच्या, माझ्याशी मराठी बोलायला मिळतं म्हणून. त्या दिवशी त्यांचा हात कोपरापासून मनगटापर्यंत काळानिळा झाला होता. चार दिवसांआधी आमच्या रिपोर्टमधे त्यांच्या रक्तातलं पोटॅशियम फार वाढलेलं आलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय कधीही बंद पडेल. आजींना दवाखान्यात भरती केलं, सुयांवर सुया टोचल्या. आजींनी आपल्या बांगड्या काढून सुनेच्या हातात दिल्या, कपाटाची किल्ली दिली, नातवाला जवळ बोलावून घेतलं. आणि दवाखान्यातल्या तपासणीत निघालं काय, तर पोटॅशियम ठीकच होतं. आजींना काही झालेलंच नव्हतं.

सूनबाई रिपोर्ट नाचवत होत्या. "रक्त सकाळी सातला काढलं. मी बाजूला उभी होते. कागदावर साडेदहा कसं?"

त्याचं उत्तर म्हणून सरांनी माझ्याकडून घड्याळ वाचून घेतलं.

आता खरं काय ते लिहिते. घड्याळ मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच ते काम मला दिलेलं होतं.

आमच्यात फरहाना आपा रक्त काढते. मी नळीवर बारकोडची पट्टी चिकटवते आणि स्कॅन मारते. स्कॅन मारला की बीप वाजतो, आणि तिथून कंपनीचं घड्याळ सुरू होतं. रिपोर्ट किती वेळात दिला, ते त्या बीपपासून मोजतात. उशीर झाला तर वरच्या ऑफिसच्या पडद्यावर आमचं सेंटर लाल दिसतं, आणि सरांना बोलणी बसतात. म्हणून सरांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. "रक्त काढल्यावर स्कॅन मारायचा नाही. नळ्या मांडून ठेवायच्या. लॅबला नेणारी गाडी दारात उभी राहिली की सगळ्या एकदम मारायच्या. समजलं?" समजलं. गाडी अफझलगंजच्या पुलावर अडकली तरी आमचं सेंटर हिरवंच.

नळीतलं रक्त मात्र शिळं होत जातं, त्यातलं पोटॅशियम वाढत जातं. आपानं एकदा सहज सांगितलं होतं, "ज्यादा देर पडा तो खून बिगड जाता गे. रिपोर्ट उल्टा आता." खरी वेळ कळली असती तर मोठ्या लॅबनं आजींची नळी बघताच परत पाठवली असती. पुन्हा घ्या म्हणाले असते. एक सुई जास्त, बस. पण मी स्कॅन मारला होता गाडी आल्यावर. लॅबच्या लेखी ते रक्त ताजं होतं. लॅबचं काम नियमानं झालं, शिळ्या रक्ताचा आकडा खरा आला, आणि आजी मरणाच्या तयारीला लागल्या.

हे सगळं मला त्या खुर्च्यांपुढं सांगता आलं असतं. मी म्हणाले, "चूक झाली."

का म्हणाले? सरांचे उपकार. मी या शहरात आले तेव्हा मला ना तेलुगू येत होती ना इथली हिंदी. सरांनी ठेवून घेतलं. मुलींच्या हॉस्टेलमधे जागा बघून दिली. त्यांच्या बाईंनी स्वेटर दिला, तो अजून वापरते. गावाकडं आई शेजारणींना सांगते, पुण्याचे साहेब आहेत, लेकीसारखी बघतात. दिवाळीला मी त्यांच्या पाया पडते. अशा माणसाला चारचौघात खोटं कसं पाडायचं? मला वाटलं, तसं केलं तर मी नमकहराम.

शाळेतही असंच असायचं. पाटलांच्या आडावर आमच्या आळीला सगळ्यांत शेवटी पाणी मिळायचं. पाणी भरून जाईपर्यंत प्रार्थना होऊन गेलेली. गुरुजी दाराबाहेर उभं करायचे. "तुम्हाला वेळेची किंमत नाही." तिथंही मी मान खाली घालून म्हणायची, चूक झाली गुरुजी. उशीर दुसऱ्यांनी करायचा आणि वेळ मला विचारायची. आठवीत शाळा सोडली ती त्या दारातूनच.

त्या दिवशी जाताना आजींनी तो काळानिळा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "राहू दे गं. लेकरू आहेस. नाश्ता केलीस की नाही?"

सरांच्या प्रश्नांनी माझे डोळे भरले नव्हते. तेव्हा भरले. मी त्यांना फसवलं आणि त्या मला नाश्ता विचारत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला पेशंट आला. आपानं रक्त काढलं, नळी माझ्या हातात दिली. नळी अजून कोमट होती. मी पट्टी लावली आणि स्कॅन मारला.

बीप.

आपा दचकली. "अगे, पागल हुई क्या? गाडी कां आई अभी?"

"गाडी नै आई. खून तो आया ना आपा."

ती म्हणाली, "नौकरी जाती देख," आणि पुढचा हात बांधायला घेतला. दुसरी नळी तिनं स्वतःहून माझ्यापुढं धरली.

दुपारपर्यंत आमचं सेंटर लाल झालं. सरांचा फोन आला.

"काय चाललंय हे? तुझ्या मनावर चालते का कंपनी?"

"रक्त काढलं की लगेच मारणार, सर. नळी शिळी झाली तर लॅबला कळायला पाहिजे."

"तू मला शिकवणार? उपकार विसरलीस एवढ्यात?"

मी म्हणाले, "विसरले नाही. म्हणूनच तर इतके दिवस खोटं मारत होते."

फोन बंद झाला. अजून मला काढलेलं नाही. नवीन मुलगी बघतायत, असं आपा सांगते.

नंतरच्या आठवड्यात आजी रस्त्यात भेटल्या, भाजी घेताना. मी सगळं सांगितलं. घड्याळ मला कळत होतं, हेही सांगितलं. मला वाटलं होतं, त्या पुन्हा डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"हौ? मग त्या दिवशी तोंडाला काय झालं होतं तुझ्या?"

आणि गेल्या. आता त्या रक्त दुसरीकडं तपासून घेतात.

बरोबर केलं त्यांनी. माफी मला नकोच आहे, माफीवरच तर मी इतके दिवस जगले. स्वेटर धुऊन घडी करून ठेवलाय, सरांना परत देणार आहे. सेंटरात आहे तोवर रक्त निघालं की बीप वाजेल, पडदा लाल होवो नाहीतर काळा. मला कामावरून काढलं, तर बाहेर पायरीवर उभी राहीन. आत जाणाऱ्या प्रत्येकाला सांगेन, रक्त काढताना घड्याळ बघा. वेळ आपल्या हातानं लिहून घ्या. ज्याला घड्याळ कळत नसेल, त्याला मी वाचून दाखवीन.

मोठ्यानं.