दहा टक्के आणि दहावं गाणं

छोट्या विक्रेत्याकडे माल थोडा आणि सल्लागार फार, त्यामुळे किस्से न मागता साठतात. मी जपानात, टोकियोजवळच्या ग्योतोकुत राहते, सातवी पास आहे, आणि स्वतः गायलेल्या गाण्यांच्या सीडी विकते. जपानी मी डिक्शनरी घेऊन शिकले, कुणाच्या उपकारानं नाही.

इथला नियम साधा आहे. वर्षाची विक्री एक कोटी येनच्या आत असली तर दहा टक्के विक्रीकर भरायचा नाही. पण मग सरकारी इन्व्हॉइस नंबर मिळत नाही, आणि नंबर नसला की कंपनीवाल्या गिऱ्हाइकांना आपल्या बिलावर कराची पूर्ण वजावट मिळत नाही, म्हणून ती नाक मुरडतात. नंबर घ्यावा तर प्रत्येक सीडीवर कर भरा. कोटीपर्यंत पोचायला मला अजून चार जन्म लागतील!

*

शेजारच्या एदोगावातला कौस्तुभ, आमच्या मराठी मंडळातला हुशार इंजिनियर, म्हणाला, "काकू, नंबर घेऊन टाका. कंपल्सरी आहे."

"नियम वाचलास?"

"व्हिडिओ बघितला. दीडच्या स्पीडनं."

*

गणपतीत हाच शहाणा माझ्या स्टॉलवर आला. सीडी उचलली आणि हळूच म्हणाला, "काकू, आपल्या माणसांना टॅक्सशिवाय ना?"

*

टॅक्स ऑफिसात जाऊन विचारलं, साताऱ्याच्या बहिणीला सीडी विकून पाठवली तर कर लागतो का? खिडकीवरचे साहेब तीनदा आत गेले, तीनदा येऊन वाकले. शेवटी मीच त्यांच्या पुस्तिकेतलं पान उघडून दिलं: निर्यातीवर कर नाही. त्यांनी त्या पानाची झेरॉक्स काढून ठेवली.

*

माझं मोठं गिऱ्हाईक एकच, योगाचे वर्ग चालवणारी कंपनी. ती गेली तर माझं दुकान बंद. तिचे मॅनेजर मोरीसान म्हणाले, नंबर नाही तर किंमत दहा टक्के कमी करा. बरीचशी वजावट अजून मिळते, त्यामुळे कंपनीचं तेवढं नुकसान होतच नाही, हेही पुस्तिकेत आहे. पण मोरीसानचं वाचन कौस्तुभाइतकंच. मी मान वाकवून बरं म्हटलं.

त्यांच्या नव्या शाखेला सीडी पाठवल्या. दहाऐवजी नऊ गाणी. शवासनानंतर लोकांना उठवणारी शेवटची भूपाळी तेवढी काढली.

आठवड्याभरात मोरीसान बिस्किटांचा डबा आणि जुन्या किमतीचं शिक्का मारलेलं पत्र घेऊन माझ्या दारात हजर. कमरेत वाकून म्हणाले, "सावंतसान, दुसरा वर्ग दाराबाहेर उभा आहे, आणि पहिला अजून झोपलाय."