सावलीचा धनी

बर्नाडेट यांथा एखाद्या पुस्तकाला ‘चुलीत’ म्हणाली की विषय संपला. तिचे निकाल तीनच. टेबलावर, कपाटात, नाहीतर चुलीत. टेबलावर म्हणजे काम करताना रंगाच्या डब्यांशेजारी कायम उघडं ठेवावं असं. कपाटात म्हणजे पाहुणे आले की काढायचं. तिसऱ्याचा अर्थ काय सांगायचा, आमच्याकडे हिवाळा संपता संपत नाही.

आम्ही कॅनडातल्या पेम्ब्रोकचे, फौजेच्या छावणीशेजारी वाढलेले लोक. लष्करी गाड्यांची छोटी मॉडेल्स करणाऱ्यांचं आमचं एक मंडळ आहे. सैन्यांवरची फोटोंची पुस्तकं आम्ही नुसती चाळत नाही, समोर ठेवून काम करतो. म्हणून मंडळाच्या पत्रकात त्यांची परीक्षणं येतात, आणि ती वर्षानुवर्षं बर्नाडेट लिहायची. जवळच्या विल्नो गावाकडच्या बटाट्याच्या शेतातली पोर, फौजेत मेकॅनिक झाली, कंदाहारला गाड्यांच्या पोटाखाली लोळून धूळ खाऊन आली, आता शाळेची बस चालवते. तिच्या बसमध्ये भलीभली कार्टी चिडीचूप बसतात. घरी माणूस नाही, मांजरही नाही. पत्रकातलं ते अर्धं पान हाच तिचा संसार. असं तिच्यासमोर म्हटलं तर ती मला पान्ह्याने बडवेल, पण खरं ते खरं.

पुस्तक आलं की ती मधूनच उघडायची आणि तळव्याने दाबायची. आपोआप मिटलं तर तिथेच तोंड वाकडं. मग फोटोंतल्या गाड्यांवर चिखल शोधायची. “न्हाऊनमाखून संचलनाला निघालेली गाडी काय बघायची? लग्नातल्या फोटोवरून बायको कळते होय?” असं म्हणायची.

तर झालं असं, की ओटावाचे बडे फोटोग्राफर रॉडरिक हेन्शॉ यांनी आमच्या फौजेच्या गाड्यांवर जाडजूड पुस्तक काढलं. ते आमच्या वार्षिक प्रदर्शनाला स्वतः यायला तयार झाले. मंडळाचा अध्यक्ष स्टॅन बर्चॅट हवेतच! त्यांची अट एकच, बर्नाडेटने तिथे चार बरे शब्द बोलायचे. पुढच्या आवृत्तीच्या मागच्या पानावर ते छापणार होते.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ती माझ्या दुकानात आली आणि पुस्तक काउंटरवर आपटलं.

“चुलीत.”

“अगं, फोटो तर कसले सुरेख आहेत! एकेक नटबोल्ट दिसतोय.”

“दिसणारच. आड येणारं माणूस पुसून टाकलंय ना.”

मी पाहिलं. खरंच की! पानामागून पान, गाड्याच गाड्या, माणूस औषधालाही नाही. आणि एका पानावर वाळूत माणसाची लांब सावली पडलेली, कोपर बाहेर आलेलं, पण तिचा धनी गायब. पुसणारा तेवढी सावली विसरला होता.

तेवढ्यात स्टॅन आला. ऐकून त्याने कपाळावर हात मारला. “बाई, आपण गाड्या बनवतो! चाकापुढे कुणी उभा नाही, हे आपल्या फायद्याचंच आहे ना? निदान ‘कपाटात’ तरी म्हण.”

खोटं कशाला बोलू, मलाही स्टॅनचंच पटत होतं. मॉडेल करणाऱ्याला मोकळं चाक दिसलं की देव भेटतो.

“नाही म्हणणार,” बर्नाडेट म्हणाली.

“मग पत्रकातलं तुझं पान दुसऱ्याला देईन. सांगून ठेवतो.”

तिने पुस्तक उचलून काखेत मारलं. पण तिचा चेहरा पडलेला मी पाहिला, आणि मला स्टॅनचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी लीजनच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या क्लबच्या, हॉलमध्ये ही गर्दी. बायकांनी बटाटा भरलेले पेरोगी तळले होते, हेन्शॉसाहेब सह्या देत होते. स्टॅनने तिचं नाव पुकारलं.

ती उठली. ते सावलीचं पान उघडून तिने सगळ्यांना दाखवलं.

“साहेब, हा कुठे गेला?”

हेन्शॉ हसले. “तो गाडीच्या आड येत होता, बाई.”

“आड येत नव्हता. गाडी त्याची होती.”

हॉलमध्ये चुळबुळ झाली. हेन्शॉंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “कोण होता तो, तुम्हाला तरी ठाऊक आहे का?”

“नाही! आणि आता कुणालाच कळणार नाही. तुमची करणी ही. माझा निकाल, चुलीत.”

“बस झालं!” स्टॅन ओरडला. “आजपासून पत्रकातलं पान तुझं नाही.”

“घे की. तुला लखलाभ.” तिची मान ताठच. ती खाली बसली, खिशातून पेन्सिल काढली आणि त्याच छापील पानावर सावलीच्या टोकाशी माणूस काढू लागली. चित्रकलेचं आणि तिचं हाडवैर. पाय काठ्यांसारखे, हेल्मेट भोपळ्याएवढं. कुणी फिदीफिदी हसलंही.

बारपाशी बसलेला म्हातारा लायोनेल क्विन उठला. मॉडेलला त्याने आयुष्यात हात लावलेला नाही. तरुणपणी सायप्रसला फौजेत होता, एवढंच आम्हाला माहीत. नुकतंच घेतलेलं आपलं पुस्तक घेऊन तो तिच्यासमोर बसला, तेच पान काढलं आणि पेन्सिल मागितली.

“ते कोपर असं का गं बाहेर?”

“कॉफी पीत असेल.”

त्याने हातात कप काढला. मग हेल्मेट. मग तो डोळे काढायला गेला, तसा तिने त्याचा हात धरला.

“चेहरा नको, लायोनेल. तो आपल्याला माहीत नाही.”