नत्थू साउंडवाल्याचा हात

नत्थू कुमरे भला माणूस होता असं मी काही म्हणणार नाही. त्याच्या तेरवीला बऱ्याच जणांनी तसं म्हटलं, आणि म्हणणाऱ्यांत तेच पुढे होते ज्यांनी भर मांडवात त्याचं हसं केलं. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय.

तो मूळचा आंजीचा, तिथल्या गोंड वस्तीतला. एक्याण्णव-ब्याण्णवच्या सुमारास वर्ध्यात हिरालालशेटच्या मंडप-डेकोरेशनच्या दुकानात बांबूवर चढून भोंगे बांधायला लागला आणि पिपरी मेघेला आमच्या शेजारी खोली करून राहिला. पुढे शेटनं चांगला मिक्सर घेतला. टेबलावर ठेवायचं ते रुंद यंत्र, प्रत्येक माइकला एक सरकती पट्टी, वर केली की आवाज वाढणार, खाली ओढली की मरणार. त्या यंत्रावर नत्थू बसला आणि मग त्याला कोणी खाली उतरवू शकलं नाही.

कान त्याचा खराच तयार होता. पण त्या कानाचा माज त्याहून मोठा. बेसूर गाणाऱ्याची पट्टी तो सावकाश खाली ओढायचा आणि तो बिचारा लोकांसमोर नुसतं तोंड हलवत राहायचा. नवरदेवाच्या मामाला त्यानं एकदा असंच मुकं केलं आणि वर विचारलं, "गळा नाई तं उभा काऊन राह्यला?" लोक हसले. ज्यांच्यावर हसले ते विसरले नाहीत. पण बुकिंगला येणारा माणूस शेटचं नाव घ्यायचा नाही, 'नत्थूचा साउंड पाहिजे' म्हणायचा. शेवटी शेटनं दुकानाच्या पाटीवरच तसं रंगवून घेतलं.

आयुष्यभर स्पीकरच्या मोठ्या डब्यांशेजारी बसलेल्या माणसाच्या कानांचं जे व्हायचं तेच झालं. आधी बारीक आवाज गेले, मग बोलणं गेलं, शेवटी फक्त ढोलकीचा दणका तेवढा छातीत लागायचा. हे त्यानं कोणाजवळ कबूल केलं नाही, बायकोजवळसुद्धा नाही. ओठांकडे आणि मिक्सरवरच्या दिव्यांकडे बघून तो वेळ मारून न्यायचा. मांडवात शिट्ट्या वाजू लागल्या, माइक किंचाळू लागले, तक्रारी आल्या. शेटची पंचाईत झाली. नत्थूला काढावं तर पाटीवरचं नाव जातं, ठेवावं तर धंदा जातो.

शेटचा मुलगा निकेश नागपूरला शिकून आला होता. त्यानं दोन हजार सातमध्ये डिजिटल मिक्सर आणला. त्याला ना पट्ट्या ना टेबल. लोखंडी रॅकमध्ये स्क्रूनं आवळलेली चपटी पेटी, सगळे माइक तिच्या पाठीत खोचायचे आणि कारभार लॅपटॉपवरून करायचा. प्रत्येक गायकाची मांडणी आधीच साठवून ठेवायची, एक बटण दाबलं की हवे ते माइक उघडतात, नको ते बंद होतात. शिवाय प्रत्येक माइकचं वेगळं रेकॉर्डिंग आपोआप होत राहतं, माइक मांडवात बंद असला तरी. पेटी स्टेजच्या मागे पडद्याआड ठेवली आणि निकेश तिच्याशेजारी बसला.

आणि समोर, लोकांच्या मधोमध, टेबलावर जुना मिक्सर तसाच राहिला. नत्थूही तसाच राहिला. निकेशनं पेटीतून त्या मिक्सरला आवाजाच्या वायरी दिल्या, म्हणजे माइक बंद असला तरी त्याचे दिवे नाचत राहतील. त्याच्यातून बाहेर मात्र एकही वायर जात नव्हती. नत्थूला सांगितलं, नवी पेटी रेकॉर्डिंगची आहे. दोन वर्षं तो माणूस डोक्याला हेडफोन लावून, भुवया आवळून मेलेल्या यंत्राच्या पट्ट्या सरकवत होता. मांडववाले, वादक, निवेदक, सगळ्यांना माहीत होतं. कोणी मुद्दाम खूण करून आवाज वाढवायला सांगायचं, तो मोठ्या दिमाखात पट्टी वर करायचा आणि मागे पोटं धरधरून हसणं चालायचं. मला त्या हसण्याची आजही चीड येते.

त्याची मुलगी दामिनी गायची. ती घरी रियाजाला बसली की नत्थू तिच्या पाठीवर तळवा ठेवायचा आणि थरथर जोखून 'बरोबर' किंवा 'नाई' म्हणायचा. बरेचदा चुकायचा. पण तयार झाल्याशिवाय मांडवात उभी राहायची नाही, असा त्याचा हुकूम होता. शेवटी दोन हजार नऊच्या नवरात्रात आंजीच्या शारदा मंडळाच्या गायन स्पर्धेत त्यानंच तिचं नाव दिलं, साउंड तिथे शेटचाच होता. त्याच्या आयुष्यात आता एकच मागणं उरलं होतं. पोरीचा आवाज पहिल्यांदा गावात जाईल तो त्याच्या हातानं गेला पाहिजे. भागाबाई, म्हणजे त्याची बायको, आंजीच्या वस्तीत घरोघरी हे सांगत फिरली.

संध्याकाळी दामिनी स्टेजवर आली. त्याआधी निवेदक बोलत होता, म्हणून निकेशनं फक्त निवेदकाचा माइक उघडा असलेली मांडणी लावली होती. ती बदलायला एक बटण दाबायचं होतं. निकेश मोबाइलवर कोणाशी तरी गुलुगुलु बोलत मंडपामागे फिरत होता. ढोलकी, हार्मोनियमवाले जवळ होते, त्यांचं थोडं ऐकू येत होतं. दामिनीचं काहीच येत नव्हतं. तिनं वडिलांकडे बघून हात वर केला. नत्थूनं पट्टी वर केली. दिवे लाल झाले. तिनं पुन्हा हात वर केला. त्यानं पट्टी टोकाला नेली, मग शेजारच्या पट्ट्या, मग सगळ्याच. घामानं त्याची बोटं घसरत होती. लोक ओरडू लागले, जुने मुके केलेले लोक तर उभे राहून टाळ्या पिटू लागले. पोरगी शेवटच्या कडव्यापर्यंत गात राहिली, कारण बाप करतोच आहे काहीतरी, असं तिला वाटत होतं.

हिरालालशेटला सगळं कळलं होतं. मुलाचं नाव पुढे येऊ नये म्हणून त्यानं निवेदकाचा माइक हिसकावला. "माफ करजा मंडळी, नत्थूचे कान गेले. आमी जुना माणूस म्हणून ठेवला, आता बसवनार नाई." नत्थूला शब्द कळले नाहीत, पण बोट आपल्याकडे आहे हे कळलं. त्यानं उभं राहून सगळ्यांना हात जोडले.

दामिनी रडत पडद्यामागे गेली तेव्हा निकेश परत आला होता. वायरींच्या पसाऱ्यात वाढलेली पोरगी ती, सगळ्या माइकच्या वायरी कुठे जातात हे तिनं बघितलं. निकेशला लाज वाटली नाही. दोन वर्षांपासून असंच आहे, तुझ्या बापाच्या मिक्सरला फक्त दिवे आहेत, असं त्यानं हसत सांगितलं. मग त्यानं हेडफोन तिच्या कानाला लावला. तिचं गाणं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, स्वच्छ, तिनं कधी ऐकलं नव्हतं इतकं चांगलं. "पाय, रेकॉर्डिंग कसं झकास आलं," तो म्हणाला, "सांगून देजो बापाले सगळं, मले काय."

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थू ओट्यावर बसला होता. आदल्या रात्री जेवला नव्हता. दामिनी समोर येऊन बसली, तसा त्यानं आपला उजवा हात तिच्यापुढे धरला.

"तुह्या गान्याचं वाटोळं ह्या हातानं झालं का वं?" त्यानं विचारलं.

पुढचं दामिनीनं मला तो गेल्यावर सांगितलं. खरं सांगावं तर हात निर्दोष ठरत होता, पण दोन वर्षांपूर्वीच मेलेला ठरत होता. ती त्याच्या तोंडासमोर झाली, ओठ दिसतील असे हलवत म्हणाली, "हो बाबा. तुमच्याच हातानं झालं."

नत्थूनं मान हलवली. हाताकडे बघितलं. "एवढ्या वर्षात एक डाव चुकला," तो म्हणाला आणि त्यानं चहा मागितला. दुकानात तो पुन्हा गेला नाही. दामिनी कुठल्याच मांडवात पुन्हा गायली नाही. आणि आंजीत आजही लोक सांगतात, बापानं पोरीचं गाणं मारलं.